उघडे दार आणि आतली घंटा
सातारा-सांगलीच्या मुलखातील ख्रिस्ती शाळा आणि आपले साहित्य

१

सातारा-सांगलीच्या मुलखाने शाळामास्तरांच्या दोन कादंबऱ्या दिल्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. नयना करिमभॉय यांची ‘मिस टिमिन्स स्कूल फॉर गर्ल्स’ ही इंग्रजी कादंबरी त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, २०११ च्या सुमारास आली. पहिलीतली वाडी औंध संस्थानच्या माणदेशात आहे. संस्थान विलीन झाल्यावर हा मुलूख दक्षिण साताऱ्यात गेला आणि पुढे दक्षिण साताऱ्याचेच नाव सांगली जिल्हा झाले. दुसरीतली शाळा पाचगणीला, सातारा जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर आहे. एक धनगरांच्या वाडीतली संस्थानी शाळा, तर दुसरी ब्रिटिश मिशनरी बायकांनी चालवलेली मुलींची निवासी शाळा.

दोन्हींचा आरंभ एकाच जातीचा आहे. एक कोवळे माणूस नोकरीसाठी अनोळखी ठिकाणी येते. राजाराम सौंदणीकर वाडीवर येतो तेव्हा शाळा नावालाच असते, पोरे मेंढरांमागे गेलेली असतात. चारुलता आपटे १९७४ साली पाचगणीला येते तेव्हा तिला एकविसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे आहेत. घराण्यावर आलेला एक बट्टा मागे टाकून ती आलेली आहे आणि श्रीमंत घरांतल्या मुलींना तिला शेक्सपिअर शिकवायचा आहे. राजारामला गाव परके आहे. चारूला शाळाच परकी आहे.

या चारूचे आडनाव आपटे आहे, ही गोष्ट मराठी समीक्षेने फारशी मनावर घेतली नाही. मराठी ब्राह्मण घरातली मुलगी, सातारा जिल्ह्यातले गाव, आणि तिची हकिकत मात्र न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने छापलेल्या इंग्रजीत. यात लेखिकेची चूक काहीच नाही. तिला जी भाषा जवळची, तीत तिने लिहिले. प्रश्न आपल्याला आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती मंडळींनी शाळा चालवल्या, त्यांत मराठी मुले शिकली, मराठी माणसांनी तिथे भाकऱ्या भाजल्या, घंटा वाजवल्या, तास घेतले. एवढा मोठा अनुभव मराठी गद्यात कुठे आहे?

या लेखाचे म्हणणे असे, की ख्रिस्ती शाळेविषयी आपण पुष्कळ लिहिले, पण ते बहुतेक दाराशी उभे राहून लिहिले. आत कोण गेले, बाहेर येताना कोण होऊन आले, एवढेच आपण मोजत राहिलो. आतला दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो, हे लिहायचे राहून गेले. जिथे ते लिहिले गेले, तिथे ते कोणी लिहिले आणि कसे, ते पाहू.

२

दाराशी उभे राहण्याची ही सवय कशी लागली हे समजायला थोडे जिल्ह्याबाहेर, पुण्यात जावे लागते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. ही मिशनची शाळा नव्हती. चालवणारी बाई ख्रिस्ती होती आणि धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. १८९३ साली वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि मुली आत येऊन बसत. दार लावून प्रार्थना करा, असे सांगण्यात आले. रमाबाईंनी ऐकले नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळ बाजूला झाले, पालकांनी मुली काढून घेतल्या.

या वादावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. रमाबाईंची बाजू, टिळकांची बाजू, रानडे-भांडारकरांची अडचण, सगळे तपासून झाले. पण ज्या मुली त्या दारातून आत-बाहेर करीत होत्या, त्या सकाळी उठून काय करीत, कोणते पुस्तक वाचीत, हिशेब कसा शिकत, एकमेकींशी काय बोलत, हे विचारणारे थोडे. एका मुलीने मात्र ते सांगितले. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि त्यांनी ‘माझे पुराण’ लिहिले. त्या धर्माने हिंदूच राहिल्या, त्यामुळे धर्मांतराच्या हिशेबात त्यांची नोंद कोऱ्या रकान्यात पडते. वाचकाच्या दृष्टीने हीच त्या पुस्तकाची किंमत आहे. त्यांना ना धर्मांतराचे समर्थन करायचे आहे, ना निषेध. वयाने वाढलेली, केशवपनाचे दुःख भोगलेली विधवा पाटीपुस्तक घेऊन बसते म्हणजे काय होते, हे त्या सरळ सांगू शकतात.

यापूर्वीचा दाखला बाबा पदमनजींचा. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे पदमनजी मूळचे बेळगावचे, तिथल्या मिशनच्या शाळेत शिकलेले. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. नावातच पुस्तकाचा शेवट सांगितलेला आहे. आधी अंधार, मग उजेड. अशा पुस्तकात शाळा येते ती पायरी म्हणून. शाळेतले वाचन आणि घरातले आचार यांची रोजची ओढाताण पदमनजी प्रामाणिकपणे मांडतात, पण प्रत्येक तास कशाकडे नेणार हे त्यांना लिहिताना ठाऊक असते. वर्गातला मुलगा मात्र तेव्हा ते जाणत नव्हता. धर्मांतरिताच्या आत्मचरित्राची ही मोठी मर्यादा आहे. दाराबाहेर उभा असलेला टीकाकार आणि दारातून आत गेलेला लेखक, दोघांचेही डोळे दारावरच खिळलेले राहतात.

म्हणून ‘माझे पुराण’ आणि ‘अरुणोदय’ शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात शाळेने एका बाईला काय दिले ते दिसते. दुसऱ्यात शाळेने एका माणसाला कुठे पोहोचवले ते दिसते. शाळेचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही हवीत. शाळेची कादंबरी लिहिणाऱ्याला पहिले अधिक उपयोगाचे.

३

‘ख्रिस्ती शाळा’ हा शब्द आपण एकवचनात वापरतो, तिथेही घोटाळा होतो. सातारा-सांगलीत या शब्दाखाली निदान दोन वेगळ्या संस्था होत्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध फारच कमी.

पहिली मिशनची शाळा. सातारा-वाई भागात अमेरिकन मराठी मिशन, तर सांगली-मिरज-कोल्हापूर भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन. मिरजेचे डॉक्टर वॉनलेस यांचे रुग्णालय याच दुसऱ्या मिशनचे. या शाळा मराठीत शिकवीत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदानाची वाट खुली झाली आणि मिशनच्या शाळा इन्स्पेक्टरच्या तपासणीखाली आल्या. मुले गरिबांची, बरीचशी महार-मांग समाजांतली, काही दुष्काळात पोरकी झालेली. सांगलीत मिशनने मुलांच्या वसतिशाळेला उद्योग आणि शेतीच्या शिक्षणाची जोड दिली. मुलाने अक्षर गिरवायचे आणि रंधाही मारायचा, असा तो बेत.

दुसरी डोंगरावरची निवासी शाळा. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधल्या माळावर जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने पाचगणी वसवली. हवा कोरडी, पाऊस महाबळेश्वरपेक्षा कितीतरी कमी, म्हणून आजारी माणसांसाठी आणि मुलांसाठी उत्तम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, विसाव्याच्या आरंभी सेंट पीटर्स, मुलींसाठी किमिन्स, अशा शाळा इथे उभ्या राहिल्या. त्या मुळात युरोपियन मुलांसाठी. माध्यम इंग्रजी, परीक्षा केंब्रिजची, पुढे आयसीएसईची.

एका शाळेत मुलगा फुकट किंवा नाममात्र शुल्कावर शिकतो आणि त्याची मातृभाषा त्याच्याबरोबर वर्गात येते. दुसरीत पालक मोठी फी भरतो आणि मातृभाषा फाटकापाशी ठेवून जाण्याची व्यवस्था त्या फीमध्येच असते. दोन्ही ठिकाणी येशूची तसबीर आहे, घंटा आहे, प्रार्थना आहे. बाकी सगळे वेगळे. ‘कॉन्व्हेंट’ या एका शब्दाने मराठी माणसाने दोन्ही झाकून टाकल्या आणि पहिलीला तर तो पार विसरला.

मिशनच्या शाळेत कोण गेले हे समजायला, कोणाला दुसरी शाळाच नव्हती हे आधी पाहावे. अण्णाभाऊ साठे वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांची शाळा दीड दिवसाची, ही गोष्ट आता सर्वांना पाठ आहे. त्याच्या आधीच्या शतकात मूळच्या कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि नायगावच्या सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. ही दोन्ही गावे आजच्या सातारा जिल्ह्यात. दोघांनी त्या शाळांतून विद्या घेतली आणि स्वतःच्या शाळा काढल्या, धर्म मात्र बदलला नाही. दाराशी बसून मोजणाऱ्याच्या वहीत या दोघांचीही नोंद धडपणे बसत नाही.

सांगलीच्या रंध्यापासून साताऱ्याच्या धनिणीच्या बागेपर्यंत आणखी एक वाट जाते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सर्व जातींची मुले एका पंगतीत, स्वयंपाक मुलांनी करायचा, शेतात राबायचे, शिकायचे. कोणी कोणाकडून काय घेतले हा वाद इथे नको. एकाच मुलखात, थोड्याफार अंतराने, मुलाच्या हाताला काम आणि डोळ्यापुढे पुस्तक देणारी दोन घरे उभी होती, एवढे नोंदवून ठेवू. रयतच्या वसतिगृहावर मराठीत कृतज्ञतेने पुष्कळ लिहिले गेले. मिशनच्या वसतिगृहातल्या मुलाची आठवण मराठीच्या मुख्य प्रवाहात आली नाही. तो मुलगा लिहीत नव्हता असे समजू नये. १८४२ पासून चाललेल्या ‘ज्ञानोदया’चे अंक आहेत, मिशनचे अहवाल आहेत. आपण ते धर्मप्रचाराच्या फडताळात ठेवले आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते फडताळ उघडायचे नाही असा अलिखित नियम केला.

४

या फडताळातून एकच पुस्तक बाहेर येऊन मराठीच्या माजघरात बसले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ते का बसले, याचे उत्तर भाषेत आहे तसेच दृष्टीतही आहे. लक्ष्मीबाई मिशनच्या जगाकडे स्वयंपाकघरातून पाहतात.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षे मागे राहिल्या आणि मग गेल्या. या पाच वर्षांत त्यांच्यापुढचे प्रश्न असे, की पाणी कोणाच्या हातचे प्यावे, चूल वेगळी किती दिवस ठेवावी, भांडे कोणी विसळावे. ‘अरुणोदया’त जे मनात घडते ते ‘स्मृतिचित्रां’त हंड्या-कळशीपाशी घडते. आणि ते विनोदाने सांगितले आहे. आपण बरोबर ठरलो हे सिद्ध करण्याची घाई त्या विनोदात नाही.

टिळकांच्या घरी सतत पोरे असत. कोणी शिकायला, कोणी आश्रयाला, कोणी कवितेच्या ओढीने. बालकवी ठोंबरे त्यांतलेच. टिळक माणसे आणीत आणि लक्ष्मीबाई पिठाचा डबा पाहत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळक साताऱ्याला आले, मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ साली ते गेले. त्याच साली काल्याला रयत संस्था निघाली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. साताऱ्यातल्या या दोन लक्ष्मीबाई. एकीने आपली गोष्ट स्वतः सांगितली, दुसरीची इतरांनी सांगितली. दोघींची गोष्ट एकाच ठिकाणी येऊन थांबते. मोठे ध्येय घेतलेल्या नवऱ्याने जमवलेली मुले आज जेवणार काय?

निवासी शाळेच्या लेखनाची कसोटी मला इथे सापडते. शाळेचे ध्येयवाक्य सगळेच सांगतात. आतला लेखक ओळखायचा तो तीन गोष्टींवरून. वेळ कशी वाटली जाते, ताटात काय येते, आणि बोलण्याची भाषा कुठे बदलते. मराठीत या कसोटीला उतरलेली वसतिगृहे आहेत. ‘कोसला’ने पुण्याच्या वसतिगृहातली मेस, वर्गणी, गॅदरिंग यांतून एक पिढी उभी केली. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ने नववीच्या वर्गाला बाकाबाकासह कादंबरीत आणले. जॉइसच्या ‘पोर्ट्रेट’मधला लहान स्टीफन जेझुइटांच्या निवासी शाळेत चष्मा फुटल्याबद्दल नाहक मार खातो आणि धीर करून थेट रेक्टरकडे दाद मागायला जातो. वाचकाच्या मनात राहते ती त्या पोराची छडी खाल्लेल्या हाताची आग. कॅथलिक पंथावरचा वाद नंतर येतो. मराठी ख्रिस्ती शाळेच्या वाट्याला असे एखादे पोर आले नाही.

५

डोंगरावरच्या शाळेत मराठी मूल जाऊ लागले तेव्हा कायद्यानेही दाराशीच भांडण मांडले होते. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या नागरिकांखेरीज कोणाला प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स शाळेची चालक संस्था न्यायालयात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश घटनाबाह्य ठरवला. अनुदानित शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक चमत्कारिक होते. अँग्लो-इंडियन शाळांना विशेष अनुदान हवे तर निदान ४० टक्के जागा इतर समाजांना खुल्या ठेवा, असे घटनेचे ३३७ वे कलम सांगते. सरकारचा आदेश पाळावा तर घटना मोडते आणि घटना पाळावी तर आदेश.

मराठी वाङ्मयीन चर्चेत हा निकाल क्वचितच येतो. यायला हवा, कारण पुढच्या सत्तर वर्षांतला मराठी मध्यमवर्ग या निकालाने उघडलेल्या दारातून गेला. सरकारचा हेतू प्रादेशिक भाषा आणि हिंदी वाढवण्याचा होता, तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. मात्र इंग्रजी ही जन्माने मिळालेल्यांचीच, असा त्या आदेशाचा अर्थ होत होता. मराठी आईबापांनी तो अर्थ मान्य केला नाही.

त्याच सुमारास, १९५५ साली, झांजीबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये दाखल झाला. फारुख बुलसारा. शाळेत त्याला फ्रेडी म्हणू लागले. तो पियानो शिकला, टेबल टेनिस खेळला, १९५८ साली चार सोबत्यांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. त्याच्या चरित्रांत पाचगणी नेमाने येते. पण कशी येते? गायकाच्या आयुष्याची पहिली पायरी म्हणून. ‘अरुणोदया’त बेळगावची शाळा जशी बाप्तिस्म्याच्या उजेडात दिसते तशीच ही शाळा रंगमंचाच्या उजेडात दिसते. २०१८ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ चित्रपटात तर तिथला वर्ग दिसतच नाही. सातारा जिल्ह्यात सुमारे आठ वर्षे राहिलेल्या मुलाच्या कानावर मराठी कुठून पडत असेल, बाजारातून की भटारखान्यातून, हे विचारण्याचे कारण त्या चरित्रकारांना नाही. आपल्याला आहे.

६

आता ‘मिस टिमिन्स’कडे परत. ही कादंबरी म्हणजे प्रेमकथा आणि खूनकथा यांची वीण आहे. चारू मोइरा प्रिन्स या बेदरकार शिक्षिकेकडे ओढली जाते, तिच्यामुळे तिला गांजा, रॉक संगीत, मोकळे तारुण्य यांची ओळख होते. पावसाळ्यातल्या एका रात्री कड्याखाली प्रेत सापडते, संशय चारूवर येतो, आणि तीन शाळकरी मुली छडा लावायला निघतात.

हिचे मोठे बळ असे, की तिने ख्रिस्ती शाळेला मिशनरींच्या हातातून आणि विद्यार्थ्यांच्या स्मरणरंजनातून काढून एका पगारदार शिक्षिकेच्या हाती दिले. चारू धर्म घ्यायला आलेली नाही, धर्म द्यायलाही आलेली नाही. ती नोकरी करायला आली आहे. शाळेचा दिवस तिला राबून काढायचा आहे. साम्राज्य उठून २७ वर्षे झाली तरी ही शाळा जणू त्याचीच चौकी म्हणून चालू आहे, हे नोकरदाराच्या नजरेला आधी दिसते.

उणीवही इथेच आहे. रहस्यकथेला शिस्तीचा उपयोग ती मोडण्यापुरता असतो. घंटा, प्रार्थना, रांगा हे सगळे नेमके मांडले तर रात्रीचा गुन्हा अधिक उठून दिसतो. त्यामुळे शाळेचा साधा दिवस, ज्या दिवशी काहीच घडत नाही असा, कादंबरीला परवडत नाही. निवासी शाळेत तर बहुतेक दिवस तसेच असतात आणि मूल घडते ते त्याच दिवसांत. ‘बनगरवाडी’त याच्या उलट आहे. तिथेही धडे फारसे दिसत नाहीत, मास्तर गावाचे कागद लिहितो, तंटे ऐकतो, तालीम बांधायच्या मागे लागतो. पण तिथे शाळा आणि गाव यांच्यात भिंत नाही. दुष्काळ येतो, वाडी उठते आणि मास्तरही उठतो. पाचगणीच्या शाळेवर दुष्काळाचा परिणाम होत नाही. खालच्या गावांतून दूध, भाजी आणि कामाला माणसे वर येतात, एवढाच संबंध. ही भिंत हाच तर त्या शाळेचा मुख्य विषय व्हायला हवा होता.

शेक्सपिअरचे उदाहरण घ्या. चारू मुलींना शेक्सपिअर शिकवते. याच मुलखात शेक्सपिअर तिच्या कितीतरी आधी, वेगळ्या वाटेने, येऊन राहिलेला होता. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला आणि तो रंगभूमीवर गाजला. म्हणजे कृष्णाकाठच्या प्रेक्षकाने ऑथेल्लोचा संशय मराठीत ऐकला होता, टाळ्या दिल्या होत्या, हळहळ केली होती. डोंगरावर तोच कवी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतून आला. एका वाटेने तो लोकांत गेला, दुसऱ्या वाटेने तो लोकांपासून वेगळे होण्याचे साधन झाला. चारूसारख्या शिक्षिकेला या दोन्ही वाटा ठाऊक असू शकतात. तिच्या वर्गात देवलांचे नाव निघाले असते तर काय झाले असते, या कल्पनेत एक अख्खी कादंबरी आहे. ती इंग्रजीत लिहिली जाण्याचा संभव कमी. ती मराठीतच होऊ शकते.

७

यावर एक आक्षेप सहज येईल. मराठी लेखक मराठी शाळेत शिकला, म्हणून त्याने मराठी शाळा लिहिली. कॉन्व्हेंटात शिकलेला लिहू लागला तर इंग्रजीत लिहितो. यात साहित्याचा काय दोष?

आक्षेप अर्धा खरा आहे. पण त्याने कोडे सुटत नाही, उलट नीट दिसू लागते. जी शाळा आपल्या भाषेत लिहिणारा माणूस घडवत नाही, तिचा अनुभव आपल्या भाषेला कळायचा कसा? आणि आज हा मूठभरांचा प्रश्न राहिलेला नाही. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज इथल्या कोणत्याही आळीत सकाळी उभे राहावे, इंग्रजी नावाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी शाळांचा चर्चशी काडीचा संबंध नाही, तरी नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ आहे. ख्रिस्ती शाळेची घंटा, टाय, डायरी, इंग्रजी बोलण्याची सक्ती हा सगळा सरंजाम आता सार्वत्रिक झाला आहे. त्या मुळाकडे पाठ फिरवून आजचे मराठी बालपण लिहिता येणार नाही.

आणि दाराशी उभे राहून केलेली मोजणी दोन्ही बाजूंनी अन्याय करते. ‘बाटवले’ म्हणणाऱ्याला सांगलीच्या वसतिशाळेतल्या त्या पोराचा पहिला पगार दिसत नाही. ‘उद्धार केला’ म्हणणाऱ्याला त्याच पोराने सुट्टीत घरी गेल्यावर सोसलेला अबोला दिसत नाही. डोंगरावरच्या शाळेबाबत ‘दर्जा’ म्हणणारा भाषा गमावलेल्या मुलाकडे पाहत नाही, आणि ‘गुलामगिरी’ म्हणणारा त्या मुलाला मिळालेल्या पियानोकडे. हे सगळे एका ताटात वाढणारे लेखन हवे आहे.

त्यासाठी सामग्रीची वाण नाही. मिशनचे अहवाल, ‘ज्ञानोदया’च्या फायली, शाळांचे वार्षिक अंक, बक्षिसाच्या पुस्तकांवरच्या नोंदी, हजेरीपट, खानावळीचे हिशेब. आणि त्याहून मोलाची माणसे. दांडेघर, गोडवली, खिंगर इथल्या ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या या शाळांना आचारी, माळी, आया, शिपाई पुरवले, त्यांनी शाळा आतून पाहिली आहे. वर्गातले इंग्रजी त्यांना कळत नसेल, पण कोणते पोर रात्री रडते, कोणते जेवत नाही, कोणत्या बाई गुपचूप खाऊ देतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? लक्ष्मीबाई टिळकांच्या जातीची दृष्टी तिथे आजही आहे. तिला लिहिते करणारा कोणी हवा.

आणखी एक माणूस आहे. २०२० साली महाराष्ट्राने कायदा केला आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. डोंगरावरच्या ज्या शाळांत मराठीचा तास पूर्वीपासून कडेला कुठेतरी होता, तिथे तो आता वेळापत्रकात हक्काने आला. त्या तासाला वर्गात जाणारा मराठीचा मास्तर किंवा बाई खालच्या गावातून एसटीने वर येते. शिक्षकखोलीत इंग्रजी बोलते, भटारखान्यात मराठी, आणि वर्गात मराठी न येणाऱ्या मराठी आडनावाच्या मुलांना ‘ळ’चा उच्चार शिकवते. घंटेच्या दोन्ही बाजू तिला ठाऊक आहेत. राजाराम सौंदणीकर आणि चारुलता आपटे या दोघांचा वारसा तिच्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली असेल, पुढ्यात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असेल. तो बाजूला सारून तिने एखादी कोरी वही उघडावी.